सोड बेटा, माझ्यापाशी दे

रत्नागिरी
२४ फेब्रुवारी २०२४

प्रिय दीक्षा,

आपली भेट एकदाच झाली आहे, बाबांच्या साठीला. तू पंगतीत पुऱ्या वाढत होतीस आणि बाबा येईल त्याला सांगत होते, "ही माझी सगळ्यात हट्टी विद्यार्थिनी." मी त्यांची मुलगी, रीना.

तीन आठवडे झाले, पण बाबा गेले हे वाक्य माझ्या हातून अजून नीट लिहून होत नाही. म्हणून दुसऱ्याच एका वाक्याबद्दल लिहिते.

ग्लायडर पडायच्या आधी बाबा तुला म्हणाले, "सोड बेटा, माझ्यापाशी दे. घाबरू नको." दवाखान्यात शुद्धीवर येता येता तू हे बोललीस आणि तुझ्या वडिलांनी बाहेर येऊन आईला सांगितलं. तेव्हापासून आई त्या वाक्यावर जगते आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. दूधवाल्यालासुद्धा सांगितलं. शेवटच्या क्षणी हे पोरीला धीर देत होते, असं म्हणते आणि मग दोन घास खाते.

मी फोन केला होता. तुझी आई म्हणाली, डोक्याला आणि खांद्याला मार आहे, मोबाइल हातात द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून हे कागदावर. तुझी काहीच घाई नाही. खांदा बरा झाला की एवढंच लिही: ते हे म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज कसा होता?

तुझी,
रीनाताई

---

नंदनवन, नागपूर
१० मार्च २०२४

आदरणीय रीनाताई,

सप्रेम जयभीम. उजवा हात अजून गळ्यात बांधलेला आहे, त्यामुळे हे अक्षर डाव्या हाताचं. सांभाळून घ्या. तुमचं पत्र आलं तेव्हापासून रोज लिहायला बसते आणि उठते.

मला आठवतं ते सांगते. रविवार होता. सरांनी माझ्या पाठीमागे उशी ठेवली, कारण मी बुटकी, माझे पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत. आमच्या ग्लायडरमध्ये शिकणारा पुढे बसतो, शिकवणारा मागे. दोघांसमोर एकेक दांडा, पण दोन्ही खालून जोडलेले. एक हलला की दुसरा आपोआप हलतो. सर मला कधी दिसायचे नाहीत. मागून त्यांचा आवाज तेवढा यायचा.

आम्ही वर गेलो. ओढणारी दोरी सुटली की एकदम शांत होतं, ते मला सगळ्यात आवडतं. खाली वीटभट्टीचा धूर आडवा पसरलेला होता. उतरायला मैदानाकडे निघालो. शेवटचं वळण राहिलं होतं. डाव्या बाजूला बाभळी दिसल्या.

त्यानंतर पंखा. दवाखान्यातला पंखा.

आवाज कसा होता म्हणून तुम्ही विचारलंत. सरांचा आवाज नेहमी शांतच असायचा, ताई. मी कितीही चुकले तरी.

काकूंना माझा नमस्कार सांगा. मला त्यांच्याकडे जायचं आहे, पण अजून जाववत नाही.

आपली,
दीक्षा

---

रत्नागिरी
४ एप्रिल २०२४

प्रिय दीक्षा,

आवाज शांत होता. तुझी ही ओळ मी आईला फोनवर वाचून दाखवली. पलीकडे तिने पाण्याचा नळ बंद केला. मग म्हणाली, "पुन्हा वाच."

देव तुझं भलं करो.

परवा ग्लायडर क्लबचे सेक्रेटरी रुपरावजी आईकडे येऊन गेले. म्हणाले, "सरांचे शेवटचे शब्द क्लबच्या कागदांत राहायला पाहिजेत, वहिनी." आईने सांगितलं, त्यांनी टाइप करून आणलं, तिने सही केली. तिला फार बरं वाटलं. म्हणाली, निदान तिथे तरी यांची आठवण राहील.

दिल्लीहून चौकशीसाठी कोणी अधिकारी येणार आहेत म्हणे. चौकशी म्हटल्यावर आई जरा दचकली. मी म्हटलं, अगं, अपघात झाला की ती रीतच असते. तुला बोलावलं तर घाबरू नकोस. घडलं ते सांगायचं, बस.

हात कसा आहे? उजव्या हाताने लिहिलेलं पत्र पाठव आता.

तुझी,
रीनाताई

---

रत्नागिरी
२१ मे २०२४

दीक्षा,

तुझं पत्र का येत नाही ते मला काल कळलं.

चौकशी अधिकाऱ्यांचा फोन आला होता. सभ्य बाई आहेत. त्यांनी मला विचारलं, तुमच्या वडिलांना अलीकडे चक्कर येत होती का, डोळे तपासले होते का, औषधं कोणती चालू होती. मी म्हटलं, हे का विचारताय? तर म्हणाल्या, शेवटचं वळण फार खाली आणि फार हळू घेतलं गेलं, त्यामुळे डावा पंख एकदम खाली झुकला. आणि त्या वेळी दांडा तुमच्या वडिलांच्या हातात होता, असं तुमच्या आईंच्याच जबाबात आहे. सोड, माझ्यापाशी दे. म्हणजे त्यांनी घेतला. आणि त्यांच्या हातून ग्लायडर पडलं.

मी लगेच रुपरावजींना फोन लावला. ते म्हणाले, "रीनाबेटा, वैमानिकाची चूक म्हणून विषय संपून राहिला. गेलेल्या माणसाले आता काय फरक पडते? त्या पोरीचं तरी आयुष्य आहे समोर."

चाळीस वर्षं आकाशात घालवलेल्या माणसाच्या नावापुढे 'चूक' लिहिलं जाणार. आणि खाली सही कोणाची? माझ्या आईची.

तुझं कौतुक वाटतं मला. शुद्धीवर यायच्या आधीच स्वतःला वाचवलंस तू.

यापुढे आईला नमस्कार पाठवू नकोस.

रीना

---

नंदनवन, नागपूर
२ जून २०२४

आदरणीय रीनाताई,

तुम्ही हे फाडून टाकण्याआधी एकदा वाचा.

ते वाक्य मी बोलले, हे मला तुमच्या पहिल्या पत्रातून कळलं. मला ते बोलल्याचं आठवत नाही, सरांकडून ऐकल्याचंही आठवत नाही. बाभळी आणि मग पंखा, मधे काहीच नाही. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. पण वाटलं, बेशुद्धीत बोलले असेन, आपल्याला काय माहीत. आणि काकू त्यावर जेवून राहिल्या आहेत, असं तुम्ही लिहिलेलं. माझा हातच पुढे गेला नाही. आवाज नेहमी शांत असायचा असं लिहिलं. ते खरं होतं, पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

तुमचं मे महिन्याचं पत्र आलं तेव्हा बाबा ड्यूटीहून नुकतेच आले होते. ते हिंगण्याला एका कंपनीत फिटर आहेत. मी त्यांना पत्र वाचून दाखवलं. ते पायमोजे काढत होते, ते तसेच अर्धे राहिले.

मी विचारलं, "बाबा, मी नेमकं काय बोलली होती?"

"तू काई नाई बोलली," बाबा म्हणाले. "मी बोललो."

"म्हणजे?"

"त्या बाई बाकावर एकट्या बसून होत्या गा. त्याइच्या माणसाले चादर टाकून नेलं होतं, अन् कोणी पाणीबी विचारलं नव्हतं. मी जाऊन बसलो बाजूले. त्याइनं मले विचारलं, पोरगी कशी आहे? सोताचा माणूस गेला अन् माया पोरीचं विचारून राहिल्या. मले काईतरी द्या लागत होतं त्याइले. मायापाशी काय होतं? मंग तोंडातून निघालं."

घरात बाबा मलाही कधीकधी मुलाला म्हणतात तसं गा म्हणतात, गडबडले की.

मी गप्प बसायला हवं होतं, पण बसले नाही. विचारलं, "फक्त काकूसाठी बोलले का? का मलेबी वाचवाले?"

ताई, माझे बाबा खोटं बोलत नाहीत. त्यांचं हे एकच खोटं. त्यांनी अर्धा राहिलेला मोजा ओढून काढला. मग म्हणाले, "तवा एवढा इचार नोता केला. पण आतून असन बी. दोन्ही असन. बाप आहो नं मी."

दुसऱ्या दिवशी मी चौकशी अधिकाऱ्यांना भेटले. त्या विश्रामगृहात उतरल्या होत्या, मैदानावर स्वतः फिरून आल्यामुळे बुटांना लाल माती होती. मी सांगितलं, ते वाक्य खरं नाही, ते कोणी बोललं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मग दांडा तुमच्या हातात होता?"

"मला माहीत नाही."

"त्यांनी घेतला नव्हता?"

"तेही माहीत नाही."

"म्हणजे हे तुमच्यावर येऊ शकतं, समजतं ना?"

म्हटलं, समजतं.

आणि आणखी एक सांगितलं, जे मी तुम्हालाही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी वारा फिरला होता. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी फाटून महिना झाला होता, म्हणून सर माती उडवून पाहत होते. ते म्हणाले, "आज पुरे. बंद करा." पण मुंबईचे पाहुणे यायचे होते. रुपरावजी म्हणाले, "एकच फेरी, सर. पाहुण्यांसमोर मान खाली नका घालाले लावू." सरांनी आणखी एकदा माती उडवून पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चल."

हे मी लपवलं, कारण 'चल' सर म्हणाले होते. तुम्हाला ते कसं लिहू, कळत नव्हतं.

काल रुपरावजी घरी आले होते. "उकरून काय भेटते?" म्हणाले. आईने त्यांना चहा दिला, बाबा पूर्ण वेळ उभे राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "पोरीनं सांगतलं ते सांगतलं."

रागवा. पण काकूंना हे कसं सांगायचं ते तुम्हीच ठरवा. मला नाही जमत.

दीक्षा

---

रत्नागिरी
१९ जून २०२४

दीक्षा,

मी आईला सांगितलेलं नाही.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तुझे आभार मानावेत की तुला शिव्या द्याव्यात, कळेना. त्या वाक्यामुळे बाबा दोषी ठरत होते, पण धीर देणारेही तेच ठरत होते. तू दोन्ही काढून घेतलंस. आता माझ्याकडे नुसत्या बाभळी आहेत.

तुला एकच विचारते. तुझ्या डोक्याला आठवत नसेल. हाताला काय वाटतं? हाताला तरी माहीत असेल ना, आपण धरलं होतं की सोडलं होतं?

रीना

---

भिवापूर
८ ऑगस्ट २०२४

आदरणीय रीनाताई,

उशीर झाला. मी आता भिवापूरला मामीकडे आहे. माझी नोकरीही बाबांसारखी हिंगण्यालाच होती आणि कंपनीची बस रोज मैदानावरून जायची. दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसले तरी मान वळायची. एकदा ग्लायडर झाकलेली ताडपत्री वाऱ्याने फडफडताना दिसली आणि मी बस थांबवायला लावली. उतरून रस्त्याच्या कडेला उलटी केली. त्यानंतर राजीनामा दिला.

हाताला काय वाटतं, असं विचारलंत. हाताला रोज वेगळं वाटतं. भाकरी थापताना वाटतं, धरला होता, घट्ट धरला होता, मीच ओढला. स्कूटीवर वळताना वाटतं, मागून कोणीतरी हळूच आपल्याकडे घेतोय, आणि मी सोडतेय. दोन्ही अगदी खरं वाटतं. एखाद्या दिवशी इतकं खरं वाटतं की चौकशीवाल्या बाईंना फोन करून सांगून टाकावं, मीच केलं, आणि मोकळं व्हावं. मामी कांताबाई म्हणते, "मोकळं व्हासाठी खोटं बोलशीन त बापापेक्षा वेगळं काय केलं?" म्हणून फोन करत नाही.

ताई, मला खरंच आठवलं असतं ना, तर कोणाच्याही बाजूने असतं तरी तुम्हाला लिहिलं असतं.

बाबांचं बरं नाही. म्हणजे तब्येत ठीक आहे, पण आई सांगते, ते ड्यूटी सुटली की डिगडोहच्या स्टॉपवर उतरतात, काकूंच्या कॉलनीपर्यंत चालत जातात आणि फाटकावरून परत येतात. आत जात नाहीत. काकूंनी बघितलं असेल का, माहीत नाही.

दीक्षा

---

डिगडोह, नागपूर
२६ जानेवारी २०२५

प्रिय दीक्षा,

बाबांच्या वर्षश्राद्धासाठी आले आहे. सकाळपासून समोरच्या मैदानात लाउडस्पीकर चालू आहे, आणि मी बाबांच्या टेबलावर बसून तुला लिहिते आहे. खूप सांगायचं आहे, क्रम चुकला तर चुकू दे.

आधी तुझ्या वडिलांचं. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते फाटकाशी उभे होते. मी ओळखलं नाही. आई आतून म्हणाली, "ते दीक्षाचे बाबा. नेहमी येतात. आज आत बोलाव." म्हणजे तिने बघितलं होतं, दीक्षा. सगळे महिने.

ते आत आले, पण खुर्चीवर बसेनात. उभ्यानेच म्हणाले, "वहिनी, मी तुमच्याशी खोटं बोललो. सरांनी तसं काई म्हटलं नव्हतं."

मी आईकडे बघत होते. वाटलं, आता ही कोसळणार. आईने शांतपणे सांडशी खाली ठेवली.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," आई म्हणाली.

मीच ओरडले, "काय?"

"अगं, त्यांनी उभ्या जन्मात कोणाला बेटा म्हटलं नाही. तुला तरी कधी म्हटलं का? आणि विमानात बसले की ते मराठी बोलायचेच नाहीत. मला स्कूटर शिकवताना मागे बसून इंग्रजीत ओरडायचे, म्हणून तर मी शिकले नाही."

"मग सगळ्यांना का सांगत होतीस?"

"दुसरं काय होतं माझ्याजवळ?" आईचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुम्ही सगळे सांत्वनाला आलात, पण चार तासांनी, आठ तासांनी आलात. त्या बाकावर हे एकटे होते. यांची पोरगी आत मरणाच्या दारात, आणि हे माझ्याजवळ बसून माझ्यासाठी वाक्य शोधत होते. ते मी कसं टाकून देऊ?"

तुझे वडील तेव्हा बसले. बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आईने त्यांच्यासमोर पाणी ठेवलं आणि म्हणाली, "सही मात्र मी न वाचता दिली. त्यात आमच्या ह्यांचं नाव खराब होईल हे लक्षात आलं नाही. ती माझी चूक, तुमची नाही. मी कळवलंय त्या बाईंना, ते वाक्य माझ्या जबाबातून काढून टाका म्हणून." मला न सांगता कळवलं होतं. आपण दोघी तिला जपत बसलो होतो.

आता अहवालाचं. तो परवा आला. दांडा कोणाच्या हातात होता हे ठरवता येत नाही, असं लिहिलं आहे. वारा त्या दिवशी उड्डाणाच्या मर्यादेबाहेर होता, वाऱ्याची नळी नव्हती, उड्डाण थांबवायला हवं होतं. क्लबवर ठपका आहे. रुपरावजींनी पद सोडलं.

आणि पुढे एक वाक्य आहे. शिक्षक म्हणून अखेरचा निर्णय कृष्णकांत यांचा, म्हणजे बाबांचा, होता आणि त्यांनी नकार द्यायला हवा होता. मी ते आईला वाचून दाखवताना अडखळले. आई म्हणाली, "वाच. बरोबर आहे ते. यांना नाही म्हणता यायचं नाही. लग्नात माझ्या मामांनी आग्रह केला तर अठरा जिलब्या खाल्ल्या होत्या." आणि हसता हसता रडायला लागली. वर्षभरात ती अशी रडली नव्हती, दीक्षा. मीही.

मे महिन्यात मी तुला जे लिहिलं, ते परत घेते. घेता येत असेल तर. आणि मला आता तुम्ही म्हणू नकोस.

तुझी,
रीना

---

नंदनवन, नागपूर
१० मार्च २०२५

प्रिय रीनाताई,

तू. बघ, लिहिलं. सवय नाही, चुकलं तर चालवून घे.

मी परत नागपूरला आले. तुझं पत्र आलं तेव्हा मामीकडे मिरच्यांची देठं खुडत होते, सगळे हात तिखट, डोळे पुसायची सोय नाही. मामीने पदराने पुसले.

'ठरवता येत नाही' हे वाचून मला सुटल्यासारखं वाटलं नाही. उलट आणखी तळमळ झाली. वाटलं होतं, कोणीतरी शिकलेला माणूस मोजून-मापून मला एकदाचं सांगेल. आता कोणीच सांगणार नाही. ते तसंच घेऊन राहायचं आहे, हे कळायला मला महिना लागला.

क्लब पुन्हा सुरू झाला. नवीन कमिटी आहे, नवीन नळी लावली आहे, भडक केशरी. शिकवायला सौरव सर आले आहेत. मी फोन केला, ठेवून दिला, परत केला. मग काकूंना भेटायला गेले आणि सांगितलं की रविवारी मी मैदानावर जाणार आहे, उडेन की नाही माहीत नाही. मला वाटलं त्या नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "मलाही ने."

ताई, काकू तिथे कधीच गेल्या नव्हत्या, माहीत आहे तुला? मीही ऐकून थक्क झाले. म्हणाल्या, "ते रविवार घेऊन जायचे, म्हणून त्या मैदानाचा राग यायचा मला."

बाबांनी आम्हाला रिक्षाने नेलं. काकूंना ती जागा बघायची होती. बाभळींपासून आम्ही दोघी चालत गेलो. गवत एवढं वाढलं आहे की नेमकं कुठे, हे मलाही दाखवता आलं नाही. काकू थोडं पुढे गेल्या, थोडं मागे आल्या. शेवटी एका ठिकाणी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथंच असेल." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

मग म्हणाल्या, "जा तू वर. मी आहे खाली."

मी गेले. पट्टा मी इतक्या वेळा बांधून सोडला की सौरव सरांनी दोनदा विचारलं, उतरायचं का? मी म्हटलं, नाही. वारा तपासला का, हे मीच त्यांना दोनदा विचारलं. वर शांत झालं तेव्हा मी रडले, पण ते मागच्याला दिसत नाही. शेवटच्या वळणाला डावीकडे बाभळी आल्या. वेग ठेवला. उंची ठेवली. आवश्यक होती त्याहून जास्तच ठेवली, त्यामुळे मैदानात फार पुढे जाऊन उतरले. सौरव सर म्हणाले, चालतं.

बाबा धावत आले. त्यांनी माझ्या खांद्यावरची माती झटकली. माती नव्हती.

काकू खुर्चीवर बसल्या होत्या. मी जवळ गेले तर त्यांनी विचारलं, "वरून आमचं घर दिसतं का गं?"

ताई, त्या क्षणी हो म्हणणं किती सोपं होतं. बाबासुद्धा माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "घर नाही दिसत, काकू. कॉलनीची पाण्याची टाकी दिसते."

त्यांनी आकाशाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "टाकीच्या मागेच तर आहे आपलं घर. म्हणजे त्यांना कळत असणार, मी कुठं आहे ते."

तुझी,
दीक्षा